एपॉक्सी फ्लोअरची वाट आपणच लावतो, या चुका टाळा

भांडुपला आमचा छोटा गाळा आहे, पॅकिंगचं काम. लादी उखडून तिथे राखाडी एपॉक्सी करून घेतलं तेव्हा पहिला महिनाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावायचो, एवढं कौतुक. मग एक दिवस सकाळी शटर उघडलं तर मधोमध एक परातीएवढा पांढुरका, मेलेला डाग. बाकी सगळं चकाचक आणि तेवढाच भाग खडू फासल्यासारखा. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "दादा, शाईचा डाग निघेना म्हणून बाथरूममधलं अ‍ॅसिड टाकलं, रात्रभर ठेवलं, डाग गेला बघा." डाग गेला होता हे खरं. सोबत चकाकी पण गेली.

मावशींची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे लादी म्हटलं की फिनेल, अ‍ॅसिड आणि तारेची घासणी हे तीनच देव. पण एपॉक्सी म्हणजे लादी नाही, सिमेंटवर चिकटवलेला प्लास्टिकचा थर आहे. रोलरने मारलेलं साधं कोटिंग असेल तर मिलिमीटरपेक्षा पण पातळ, सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट होणारं असेल तर साधारण 2-3 मिलिमीटर. अ‍ॅसिडने वरची चमक उतरते आणि कुठे बारीक चीर असेल तर ते आत झिरपून खालचं सिमेंट खातं, मग वरचा थर धरणार कशाला?

तारेच्या घासणीचं दुःख वेगळंच. ओरखडे तर पडतातच, पण तारेचे बारीक तुकडे त्या ओरखड्यात अडकतात आणि पावसाळी हवेत गंजतात, मग तुम्ही तो गंजाचा ठिपका काढायला परत तीच घासणी घेता. हिरवा स्क्रबर पण नको. नायलॉनचा मऊ ब्रश बास.

फिनेल आणि साबणाबद्दल सांगतो, कारण हे सगळ्यांकडे होतं. चमक यावी म्हणून लोक बादलीत मूठभर पावडर टाकतात, पोछा मारतात, आणि साध्या पाण्याने परत पुसतच नाहीत. तो साबण वर पापुद्र्यासारखा बसतो, त्यावर धूळ चिकटते, फ्लोअर मळकट दिसतो म्हणून अजून साबण, आणि एक दिवस कोणीतरी डबे घेऊन धाडकन आपटतं. मग दोष एपॉक्सीला, म्हणे घसरतं. ओल्या बोटाने घासून बघा, बोट बुळबुळीत लागलं किंवा फेस आला तर तो साबण आहे. कोमट पाण्याने दोनदा धुवा, वायपरने पाणी ओढा, झालं. रोजसाठी न्यूट्रल पीएचवाला, म्हणजे ना अ‍ॅसिड ना खार असा फ्लोअर क्लीनर, तोही बाटलीवर लिहिलाय तेवढाच, आणि मायक्रोफायबरचा मॉप. पण त्याआधी झाडू नीट मारा. बूट-टायरला लागून येणारी कच असते ना, तीच खरी वैरी, तिच्यावरूनच ओला पोछा फिरवला तर तुम्ही अख्खा फ्लोअर पॉलिश पेपरने घासताय. जड कपाट, सिलेंडर, लोखंडी पायाचं टेबल उचलून ठेवा, ढकलू नका.

सोसायटीच्या पार्किंगवाल्यांसाठी. लांबून आलेली गाडी थेट उभी केली की गरम टायरखाली कोटिंग नरम होतं, टायर थंड होताना त्याला धरतं आणि सकाळी गाडी काढली की टायरला चिकटून पापुद्रा येतो. पातळ आणि घाईत मारलेल्या कोटिंगला हे जास्त होतं. टायरखाली काहीतरी टाकायला हवं, पण काळं रबर मॅट नको, रबराचा पिवळट-तपकिरी डाग कोटिंगमध्ये मुरतो तो कशानेच जात नाही. ऑइल सांडलं तर आधी लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या, मग डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारं क्लीनर. ब्रेक ऑइल आणि बॅटरीचं पाणी मात्र तिथल्या तिथे, "संध्याकाळी बघू" नाही. बॅटरीच्या पाण्यावर आधी खायचा सोडा, मग भरपूर पाणी, हातमोजे घालून.

शटरजवळचा पट्टा पिवळा पडलाय? तो मळ नाही, ऊन आहे. कितीही घासा, जाणार नाही. उन्हात येणाऱ्या भागावर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) टॉप कोट मारायचा असतो, अ‍ॅलिफॅटिकवाला, तो पिवळा पडत नाही. कॉन्ट्रॅक्टर स्वतःहून सांगत नाही.

आता मुंबईचा खरा प्रॉब्लेम, ओल. ही पोछ्याने सुटणारी गोष्टच नाही आणि तरी लोक वरून पुसत बसतात.

एक म्हणजे पावसाळ्यात काम काढणं. हवेत 85 टक्क्यांच्या वर दमटपणा असेल तर कोटिंग मारू नये, आणि जुलैत आपल्याकडे ते रोजचंच. मग कोटिंग सुकताना वर पांढुरका, तेलकट, चिकट थर येतो. लोकांना वाटतं माल भेसळीचा. बहुतेकदा तो कोमट साबणाच्या पाण्याने निघतो, नाही निघाला तर सँडिंग, म्हणजे पॉलिश पेपरने घासणं. पण तो न काढता वर दुसरा कोट मारला तर दोन्ही एकदम सुटणार हे लिहून घ्या. आणि नवीन फ्लोअरवर 24 तासांनी चालता येतं म्हणजे धुता येतं असं नाही, पाणी आणि गाडी पहिले 7 दिवस लांब.

दुसरं, फुगे. तळमजल्यावरचे गाळे, स्टिल्ट पार्किंग, जिथे जमिनीतून ओल वर येते तिथे हमखास. फुगा आला तर घासू नका, एक फुगा कटरने कापा आणि पापुद्रा उलटा करून बघा. आत पाणी असेल तर ओल खालूनच येतेय, तिथे परत एपॉक्सी मारणं म्हणजे पैसे नाल्यात. पाठ कोरडी आणि गुळगुळीत असेल तर कॉन्ट्रॅक्टरने ग्राइंडिंग, म्हणजे मशीनने सिमेंट खरखरीत करणं, न करताच मारलंय. पाठीला सिमेंटची चकती चिकटून आली तर खालचा कोबाच कच्चा आहे. तीन फुगे, तीन वेगळे इलाज, आणि तुमच्या समोर कापलेला पापुद्रा असला की भांडायला पण बरं पडतं. नवीन काम काढण्याआधी साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने सिमेंटवर चिकटवा, 16 तासांनी उचला. आत थेंब किंवा खाली काळपट ओल दिसली तर थांबा.

आमच्या त्या डागाचं मग मी काय केलं? 120 नंबरच्या पेपरने घासून चमक पूर्ण मारली, कारण गुळगुळीतवर नवीन थर धरत नाही, व्हॅक्यूमने धूळ ओढली, पुसून सुकवलं आणि उरलेल्या मालातून चौकोनी पॅच मारला, गोल नाही, कडेला टेप लावून. शेड थोडा वेगळा दिसतो. त्यावर आता वजनकाटा ठेवलाय. आणि अ‍ॅसिडची बाटली माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, कुलूप लावून.