प्रोटीन पावडर घेणाऱ्यांनी लिव्हरची तपासणी कशी करून घ्यावी

पावडर सुरू करण्याआधी एकदा एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढचे सगळे आकडे त्याच्याशीच ताडून पाहायचे आहेत.

मग डब्याचं लेबल वाचा. ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा, गार्सिनिया, हळदीचा अर्क अशी काही भर असेल तर तो डबा दुकानातच राहू द्या. प्रथिनातून निघणाऱ्या अमोनियाचा युरिया करणं हे निरोगी यकृताचं रोजचंच काम आहे, साध्या व्हेने, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रथिनाच्या पावडरने, ते थकत नाही. खरी भीती असल्या अर्कांची आणि स्नायू फुगवायला घेतलेल्या स्टेरॉइडची आहे. २०२४ साली केरळमधल्या यकृततज्ज्ञांच्या पुढाकाराने भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन उत्पादनं तपासली गेली. बहुतेकांत प्रथिनाचा आकडा लेबलशी जुळला नाही आणि काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष निघालं. सुट्या पिशवीतली, बिलाशिवायची 'इम्पोर्टेड' पावडर तर घेऊच नका.

आता खरी अडचणीची पायरी: रक्त कधी द्यायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा.

पोरं संध्याकाळी पायांचा जबरदस्त व्यायाम करतात आणि सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जातात. एलएफटीतले एसजीओटी, एसजीपीटी हे एन्झाइमचे आकडे वाढलेले दिसतात. घरचे म्हणतात, 'पावडरने लिव्हर खराब झालं', ट्रेनर म्हणतो, 'जिम करणाऱ्यांचं असंच येतं, सोडून दे.' मला या दोन्ही सल्ल्यांचा मनापासून राग येतो, कारण दोघांनीही काहीही तपासलेलं नसतं.

ही दोन्ही एन्झाइम स्नायूंतही असतात. स्नायूंना ताण पडला की ती रक्तात उतरतात. वजनांची सवय नसलेल्या निरोगी पुरुषांकडून तासभर वजनं उचलून घेतली, तर आठवड्यानंतरही त्यांचे आकडे चढलेलेच होते, असं एका अभ्यासात दिसलं आहे. म्हणून रक्त देण्याआधी दहा दिवस वजनांना हात लावू नका. चालायला हरकत नाही. दहा दिवसांत दंड उतरत नाहीत, ती भीती सोडा. दारूही बंद.

लॅबमध्ये एलएफटीबरोबर सीपीके (हे मुख्यतः स्नायूंचं एन्झाइम) आणि जीजीटी (हे यकृत आणि पित्तमार्गाचं, स्नायूंचं नव्हे) मागून घ्या. नेहमीच्या पॅकेजमध्ये सीपीके बहुधा नसतं, वेगळं सांगावं लागतं. सीपीके चढलेलं, जीजीटी आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मल, एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त, असं चित्र असेल तर बोट स्नायूंकडे जातं. तरीही तिथे थांबू नका. आणखी विश्रांती घेऊन तपासणी पुन्हा करा आणि आकडे उतरल्याची खात्री करून घ्या. सीपीके नॉर्मल असूनही एसजीपीटी वाढलेलं असेल, तर व्यायामाची सबब चालणार नाही. फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, औषधं, डब्यातले अर्क, सगळ्यांचा शोध घ्यायला हवा.

एसजीपीटी लॅबच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट आणि बिलिरुबिन दुप्पट असेल, तर दहा दिवस वगैरे काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळे पिवळे, अंगभर खाज किंवा लघवी चहासारखी झाली, तर रिपोर्टचीही वाट पाहू नका. चहासारखी लघवी स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटल्यामुळेही होते आणि त्यात किडनी जाऊ शकते. आधीच सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं, असेल, तर प्रथिन किती घ्यायचं हे फक्त डॉक्टरांनीच ठरवायचं.

सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरे.

डॉक्टरांकडे जाताना घेत असलेले सगळे डबे पिशवीत घालून न्या, फॅट बर्नर आणि काढ्याच्या बाटल्यांसकट. स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांगा. आईवडिलांसमोर बोलवत नसेल, तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगा.