टोस्टमास्टर्समधलं पहिलं भाषण: भीती कशी कमी कराल

टोस्टमास्टर्स म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करायचे क्लब. आधी पाहुणे म्हणून दोन वेगळ्या क्लबांच्या सभा बघा. नवख्यांना टाळ्यांसोबत नेमक्या सूचनाही मिळतात का, ते पाहून मगच वर्गणी भरा.

सदस्य झाल्यावर लगेच भाषण नको. आधी 'आ-काउंटर'चं काम मागून घ्या: वक्त्यांचे 'अं', 'म्हणजे' मोजायचे आणि शेवटी उभं राहून आकडे वाचायचे. हातात कागद असतो, त्यामुळे पाय लटपटले तरी निभावतं. मग टेबल टॉपिक्स: आयत्या वेळच्या विषयावर १ ते २ मिनिटं.

पहिलं भाषण, आइसब्रेकर, स्वतःबद्दल असतं. वेळ ४ ते ६ मिनिटं. चौथ्या मिनिटाला हिरवी खूण, पाचव्याला पिवळी, सहाव्याला लाल. इथे घात करतं ते पाठांतर: एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं तेवढं पाठ करा. मधे स्वतःचे तीन प्रसंग घ्या, त्यांचे मुद्दे कार्डावर लिहा. घरी उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून पाच वेळा बोला. मनातल्या मनात केलेला सराव फसवतो, तिथे दम लागत नाही. अडखळलात तर माफी मागू नका. श्वास सोडा, पुढचा मुद्दा घ्या.

पुढच्या भाषणाची तारीख त्याच सभेत मागून घ्या. मोठा खंड पडला की भीती परत येते.