कळमन्याच्या मुनीमजींजवळ बसून शिकलेलं सॉफ्टवेअर डिझाइन

नागपूरचे बरेच पोरं-पोरी विचारतात की धंद्याच्या सॉफ्टवेअरचं डिझाइन शिकायचं तर कोणता कोर्स करू, पुण्याला जाऊ का. मी सात वर्षांपासून हेच काम करून राहिलो, तर सुरुवातीला मला जे कोणी सांगितलं नाही ते इथे सांगतो.

पहिलं काम मिळालं ते नागपूरच्या कळमना बाजार समितीतल्या एका संत्र्याच्या अडतीचं. माल आला, लिलाव झाला, काट्यावर वजन झालं, हमाली-तोलाई आणि आधीची उचल वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी म्हणजे हिशोबाची चिठ्ठी द्यायची, बस एवढंच. मी पाच स्क्रीन बनवल्या, नेक्स्ट दाबत पुढे जायचं, मोठी बटणं, एकही रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाताच येत नाही म्हणजे चूक व्हायचा प्रश्नच नाही. ऑफिसमध्ये सगळ्यांना आवडलं. मग ऑक्टोबरच्या शेवटी अंबिया बहाराचा संत्रा जोरात सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी अडतीचा हिशोब लिहिणारे मुनीमजी परत लाल वहीवर.

मला वाटलं वय झालं आहे, कॉम्प्युटरची सवय नाही. साफ चुकीचं होतं हे. हाच माणूस दुपारी टॅली या अकाउंटच्या सॉफ्टवेअरवर बसला की एफ-८ दाबून सेल्स, एफ-९ दाबून पर्चेस, माऊसला हातही लावत नव्हता, उजवा हात आकड्यांच्या कीपॅडवर आणि डावा चिठ्ठ्यांवर. म्हणजे अडचण त्यांच्यात नव्हती, माझ्या स्क्रीनमध्ये होती.

म्हणून मी पहाटे जाऊन त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो, चांगले आठ-दहा दिवस. पहिल्याच सकाळी दिसलं की ते एक पट्टी पूर्ण करून दुसरी घेतच नाहीत. एकाचा भाव ठरला पण काट्याची चिठ्ठी यायची आहे, दुसऱ्याचं वजन आलं पण हमालीचा आकडा बाकी, तिसरा शेतकरी तंबाखू मळत उचलीबद्दल बोलून राहिला, असे चार-पाच हिशोब एकाच वेळी अर्धवट उघडे. वहीत ते जागा सोडून पुढे जातात. माझं सॉफ्टवेअर सोडू देत नव्हतं. ते म्हणाले, "अरे बाबू, काट्याची चिठ्ठी नाही आली तं मी काय बाकीच्या गाड्या उभ्या ठेवू?"

दुसरी गोष्ट समजायला जास्त दिवस लागले. लिहिता लिहिता ते मधेच थांबून अख्ख्या पानावरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, या गाडीचा भाव जमत नाही, विचारून ये. आणि खरंच लिहिण्यात चूक निघायची. सकाळचे सगळे भाव एका पानावर एकाखाली एक दिसत होते म्हणून ते त्यांना कळत होतं. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळाचा एक अभ्यास केला होता. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर उस्ताद खेळाडूला नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहऱ्यांच्या जागा आठवल्या, पण मोहरे कसेही विस्कटून मांडले तर दोघांत जवळपास फरक उरला नाही. हे वाचलं तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं. मुनीमजींचा पट मी पाच स्क्रीनमध्ये विस्कटून टाकला होता.

नवीन स्क्रीन एकच केली, दिवसभराच्या सगळ्या गाड्या ओळीने, कोणताही रकाना रिकामा ठेवा, एंटर मारा, पुढे जा, रिकामं आहे ते फक्त फिकट पिवळं दिसेल. भाव आजूबाजूच्या भावांपेक्षा फार वेगळा असेल तर आकडा ठळक होतो, पण पॉपअप येत नाही. तो भाव बरोबर आहे का हे मुनीमजी ठरवतील, कारण माल त्यांनी पाहिलेला असतो. याच्या उलट, नंतर इतवारीतल्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याचं काम केलं तेव्हा जीएसटी नंबर मी कडक तपासला, कारण तो १५ अक्षरांचाच असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि शेवटचं अक्षर तपासणीसाठीच असते, तिथे माणसाच्या अनुभवाचं कामच नाही. कुठे अडवायचं आणि कुठे नुसतं दाखवायचं, माझ्या मते या कामातलं अर्ध्याहून जास्त कौशल्य इथेच आहे.

विचारायचं कसं, तर "तुम्हाला काय फीचर पाहिजे" असं अजिबात विचारू नका. त्यांना ते सांगता येत नाही आणि ते त्यांचं कामही नाही. "मागच्या सीझनला कोणता हिशोब अडकला होता, तो पहिल्यापासून सांगा" असं विचारा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांना असेच घडलेले प्रसंग विचारले आणि समजलं की ते बहुतेक वेळा पर्यायांची तुलना करतच नाहीत, परिस्थिती ओळखतात आणि कामाला लागतात. गर्दीत मात्र तोंड बंद ठेवा. प्रश्न दुपारी, चहासोबत. टेबलाच्या काचेखालच्या चिठ्ठ्या, कॅलेंडरवर लिहिलेले आकडे, विचारून सगळ्यांचे फोटो काढा, सॉफ्टवेअरमध्ये जे बसलं नाही ते तिथे असते.

आणि पुण्याचं म्हणाल तर आपल्याकडे कळमना आहे, इतवारी आहे, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने आहेत, वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथेच आहे. वीस-वीस वर्षं एकच काम केलेले माणसं शोधायला शहर सोडायची गरज नाही. एक्सेल नीट शिका, जमा-नावे कळण्याइतकं अकाउंट शिका, मग एका दुकानात जाऊन बसा.

मुनीमजी वहीत काही नावांपुढे पेन्सिलने एक टिंब द्यायचे. मी अर्थ विचारला तर एकदा म्हणाले उचल बाकी आहे, एकदा म्हणाले याचा माल उद्या परत पाहायचा, एकदा नुसतेच हसले. मालक म्हणाले त्याचा ड्रॉपडाउन करून टाका. मी नाही केला. नावाच्या शेजारी एक लहान चौकोन ठेवला, स्पेसबार दाबला की टिंब येते, परत दाबला की जाते, वर हेडिंग काहीच नाही. ते रोज वापरतात.