आधी काच, मग कॅमेरा: व्हिक्टोरियन छायाचित्रण शिकू पाहणाऱ्यांसाठी

जुन्या पद्धतीचं छायाचित्रण शिकायचंय म्हणून जो कोणी विचारायला येतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कॅमेरा कुठला घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. इतक्यात घेऊच नका. महोगनीची पेटी, पितळी लेन्स, चामड्याचा घड्यांचा भाता हे सगळं देखणं असतं, दिवाणखान्यात ठेवलं की पाहुणे चौकशी करतात. पण राणी व्हिक्टोरियाच्या काळातला फोटो त्या पेटीत असायचा तो थोडाच वेळ. खरा तो घडायचा अंधाऱ्या खोलीत, ओल्या काचेवर. काच जमली नाही, तर कॅमेरा कितीही अस्सल असो, हाती काही लागत नाही.

मी मूळची पुण्याची, रसायनशास्त्राची पदवीधर. सध्या इंग्लंडमध्ये एका लहानशा संग्रहालयात जुन्या छायाचित्रांची निगा राखायचं काम करते. वेट प्लेट, म्हणजे ओल्या काचेची पद्धत, मी नोकरी लागल्यावर शिकले. ज्या वस्तूची काळजी घ्यायची ती बनते कशी, हे हाताला ठाऊक असलेलं बरं, एवढाच हिशेब होता. पुढे त्याचं वेड लागलं ते वेगळं.

पेटीत काय असतं ते आधी सांगून टाकते, कारण ते फारच थोडं आहे. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मधे अंधार. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत एकात एक सरकणाऱ्या दोन पेट्या असत. नंतर घड्यांचा भाता आला आणि वजन कमी झालं. डोक्यावरून काळं कापड घ्यायचं, दुधी काचेवर उलटं, डावं-उजवं बदललेलं चित्र बघत लेन्स पुढेमागे करायची. चित्र रेखीव झालं की दुधी काच बाजूला, तिच्या जागी काचेची प्लेट असलेली चपटी लाकडी चौकट. चौकटीचं झाकण वर ओढायचं, लेन्सचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण परत लावायचं. शटर नाही. टोपण हेच शटर. झरोका, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचं भोक, कमी-जास्त करायला 1858 नंतर पितळी पट्ट्या आल्या. लेन्सच्या नळीत वरून एक खाच असते, तिच्यात हव्या त्या भोकाची पट्टी सरकवायची. जॉन वॉटरहाऊस नावाच्या गृहस्थाची ही कल्पना, म्हणून त्या पट्ट्यांना आजही वॉटरहाऊस स्टॉप्सच म्हणतात. लेन्सवर ही खाच दिसली की निदान ती कोणत्या काळाच्या अलीकडची, याचा अंदाज बांधता येतो.

हे कॅमेरे एवढे अवाढव्य का, हा पुढचा प्रश्न. त्या काळी फोटो वाढवून छापायची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. निगेटिव्ह कागदावर दाबून धरायची, उन्हात ठेवायची, आणि निगेटिव्हच्याच मापाचा फोटो मिळायचा. पंधरा इंचाचा फोटो हवा तर पंधरा इंचाची काच, आणि ती मावेल एवढी पेटी. संपूर्ण प्लेट साडेसहा गुणिले साडेआठ इंचांची, मग तिच्या निम्मी, पाव अशी मापं. पेटीवर ‘हाफ प्लेट’ लिहिलेलं दिसलं की ते हेच.

आता इतिहास, पण धावता. 1839 मध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली: चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, आयोडिनची धुरी, पाऱ्याची वाफ. चित्र अप्रतिम, पण एकच. प्रती निघत नाहीत. इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने कागदाची निगेटिव्ह काढली आणि 1841 मध्ये तिचं पेटंट घेतलं. प्रती निघायच्या, पण कागदाचे धागे चित्रात उतरायचे. मग 1851 च्या मार्चमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकाराने कोलोडियनची, म्हणजे काचेवर ओतायच्या चिकट द्रावाची, कृती छापून मोकळी केली. पेटंट घेतलं नाही. काचेसारखी स्वच्छ निगेटिव्ह, हव्या तेवढ्या प्रती. टॅल्बटने हीसुद्धा माझ्याच पेटंटात येते असा दावा लावला आणि 1854 मध्ये तो खटला हरला. आर्चर 1857 मध्ये गेला, जवळपास कफल्लक. पुढची वीस-पंचवीस वर्षं अवघं जग त्याच्या कृतीवर पोट भरत होतं. मला स्वतःला दागेरपेक्षा आर्चरचं कौतुक जास्त वाटतं, हे लपवत नाही.

ही कृती नीट समजून घ्या. गनकॉटन, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की कोलोडियन होतं. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार घालायचे. काचेच्या कडा दगडावर घासून घ्यायच्या, नाहीतर पापुद्रा सुटून येतो. काच खडूची पूड, अल्कोहोल आणि पाण्याने पुसायची, ती इतकी की वाफ सोडली तर एकसारखी धरली पाहिजे.

मग ओतणं. काच डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायची. मधोमध कोलोडियनचं थारोळं. काच कलती करून ते एका कोपऱ्याकडे न्यायचं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, आणि चौथ्या कोपऱ्यावरून उरलेलं बाटलीत. पातळ साखरेच्या पाकासारखं ते सरकतं, पण पाक थांबतो, हे थांबत नाही. ईथर सतत उडत असतं. कोपऱ्यावरून परत फिरलं तर लाटेसारखी रेघ राहते, आणि ती चित्रात शेवटपर्यंत दिसते. ज्या कोपऱ्यातून ओतून काढलं, तिथे बोट टेकवून बघायचं. ठसा उमटला, पण बोटाला काही आलं नाही, की वेळ झाली. लगेच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात, लाल किंवा पिवळ्या उजेडात, तीनेक मिनिटं. बाहेर काढल्यावर काच दुधाळ, सायीच्या रंगाची दिसते, आणि द्रावण तिच्यावरून तेलकट न ओघळता सलग उतरतं. तेलकट रेघा दिसल्या तर परत आत.

इथून घड्याळ सुरू. काच ओली आहे तोवरच ती प्रकाशाला दाद देते. साधारण दहा मिनिटं धरा. एप्रिलच्या पुण्यात त्याहून कमी. सुट्टीत घरी आले असताना मी सकाळी लवकरच काम उरकते आणि चौकटीत काचेच्या मागे ओला टीपकागद ठेवते. ही युक्ती माझी नाही, जुन्या लोकांचीच आहे. फोटो घेतला की धावत डार्करूममध्ये. फेरस सल्फेट आणि ॲसेटिक आम्लाचं डेव्हलपर काचेवर एकाच झोकात पसरायचं, कडेवरून खाली सांडू न देता. सांडलं तर चांदी वाहून जाते आणि तेवढी जागा फिकी पडते. पंधरा-वीस सेकंदांत चित्र वर येतं, लगेच पाणी. त्यानंतर चित्र पक्कं करणारं हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण (या टप्प्याला फिक्सिंग म्हणतात), आणि हे उजेडात चालतं: निळसर दुधाळ थर विरघळत जातो, आणि खाली काळं कापड धरलं तर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह होतं. शेवटी सँडारॅक नावाच्या राळेचं, लव्हेंडरचं तेल घातलेलं वॉर्निश.

माझा सल्ला असा की पहिले काही दिवस रसायनांना हातच लावू नका. स्वच्छ काच घ्या, पाणी घ्या आणि एका झोकात पसरायचा सराव करा. आमच्या कार्यशाळेतले म्हातारे शिक्षक याशिवाय कुणाला डार्करूममध्ये घेतच नसत. तेव्हा कंटाळा आला होता, आता मीही तेच करते.

हे एकदा केलं, की जुन्या फोटोग्राफरांकडे बघायची नजर बदलते. रॉजर फेंटन 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला, तो दारूच्या व्यापाऱ्याची घोडागाडी विकत घेऊन, तिची डार्करूम करून. पाच कॅमेरे, सातशे काचा. उन्हाळा चढल्यावर त्या बंद गाडीत उभं राहणं अशक्य व्हायचं. त्याच्या चित्रांत लढाई दिसत नाही, म्हणून नाक मुरडणारे भेटतात. दहा मिनिटांत सुकणारी काच आणि सेकंदांच्या हिशेबातला फोटो. धावणारा सैनिक त्यात येणार कसा? ज्युलिया मार्गारेट कॅमेरून ही कलकत्त्यात जन्मलेली बाई. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, 1863 च्या डिसेंबरात लेकीजावयाने कॅमेरा भेट दिला. आइल ऑफ वाइटवरच्या घरात कोळशाच्या कोठीत तिने डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. तिच्या काचांवर रेघा आहेत, बोटांचे ठसे आहेत, आणि तेव्हाच्या फोटोग्राफीच्या मासिकांनी त्यावरून तिला झोडपलं. मिनिटामिनिटांचे फोटो घेऊन तिने जे चेहरे टिपले, ते त्या टीकाकारांपैकी कुणाला जमले नाहीत.

धंदेवाईक स्टुडिओत मात्र ग्राहकाला एवढा वेळ बसवून चालत नसे. 1840 मध्ये पेट्झवालने गणिताने आखलेली, फॉइग्टलेंडरने बनवलेली पोर्ट्रेट लेन्स भरपूर प्रकाश घेणारी होती, तरी काचेच्या छताखाली काही सेकंद लागतच. म्हणून मानेमागे लोखंडी टेकू. जुन्या फोटोत पायांमागे त्याचा तळ दिसतो. हा टेकू मेलेल्या माणसाला उभं करायला वापरत, ही इंटरनेटवरची लोणकढी थाप आहे. तो टेकू जिवंत माणसाचं डोकं हलू देत नाही, एवढंच त्याचं काम. प्रेताचा भार त्याला पेलवणारच नाही.

रंगांचं एक लक्षात ठेवा. कोलोडियनला फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा प्रकाश दिसतो. आकाश पांढरंफटक, निळे डोळे भुताटकीसारखे फिके, चेहऱ्यावरचे वांग गडद. आईचा फोटो घेतला तेव्हा हळद आणि कुंकू दोन्ही काळंच आलं. यातूनच जुन्या लेन्सची एक गंमत निघते: डोळ्याला पिवळ्या प्रकाशात रेखीव दिसतं, काचेला निळ्या प्रकाशात, आणि सुरुवातीच्या काही लेन्समध्ये हे दोन्ही एका जागी जुळत नसत. दुधी काचेवर फोकस करून मग लेन्स थोडी सरकवावी लागे.

आपल्याकडेही हे सगळं फार उशिरा आलं नाही. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण तिथूनच पुढे आले आणि मुंबईत धंदा करणाऱ्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक ठरले.

आता धोक्यांचं, आणि हे वरवर वाचू नका. ईथरची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ज्योतीवर पेटते. वॉर्निश गरम करायचा दिवा म्हणून वेगळ्या खोलीत. सिल्व्हर नायट्रेट बोटांवर पडलं तर काळे डाग पडतात, ते आठवडाभर मिरवायचे. डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्म्यावरूनसुद्धा गॉगल. त्या काळी फिक्सिंगला पोटॅशियम सायनाइड वापरत, आणि बोटांवरचे डागही त्यानेच काढत. चित्र खरंच उजळ येतं, तरी तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका: डेव्हलपर आम्लधर्मी आहे, आणि आम्ल व सायनाइड एकत्र आले की विषारी वायू सुटतो. हायपो पुरेसं आहे. औषधाच्या दुकानातलं चामखिळीवर लावायचं फ्लेक्झिबल कोलोडियन आणू नका, त्यात एरंडेल असतं.

एवढं जमल्यावर कॅमेरा. माझं मत विचाराल तर लेन्स जुनी, पेटी नवी. साध्या सुताराकडून पेटी करून घ्या. कारण ओल्या काचेवरून सिल्व्हर नायट्रेट ठिबकतं आणि लाकूड, पितळ सगळं खातं. दीडशे वर्षांच्या वस्तूचे असे हाल कशाला? हेच ठिबकणं खरेदीत मात्र कामाला येतं. ओल्या काचेसाठी बनलेल्या चौकटीच्या कोपऱ्यांत काच किंवा चांदीची तार असते, आणि खालच्या कडेला काळे डाग. तुम्हाला दाखवलेली ‘1860 ची’ पेटी आतून कोरी करकरीत असेल, तर ती नंतर आलेल्या, आधीच तयार करून ठेवता येणाऱ्या सुक्या काचांची असेल, किंवा शोभेची. मुंबईच्या चोरबाजारात नव्याने घडवलेल्या शोभेच्या पितळी वस्तू पुष्कळ, आतून डोकवा. भात्यात पेटता टॉर्च ठेवून अंधारात बाहेरून बघा, घड्यांच्या कोपऱ्यांतून तारे चमकले की दुरुस्ती आली. चौकट मूळची नसेल तर किंमत निम्म्यावर आणा, कारण दुसरी सहज बसत नाही.

नोकरीचं विचारतात, म्हणून सांगते. निव्वळ वेट प्लेटवर पोट भरणारे थोडे. पोर्ट्रेट काढून देणं आणि कार्यशाळा, यावर त्यांचं चालतं. संग्रहालयं, अभिलेखागारं, खाजगी संग्रह यांत मात्र जुनं छायाचित्र ओळखणारं माणूस लागतं. रसायनशास्त्र किंवा इतिहास, दोन्हींतून येता येतं. मुलाखतीत समोर मिसळलेले फोटो ठेवून ‘सांगा’ म्हणू शकतात, तेव्हा एवढं यायलाच हवं: तिरकं धरल्यावर आरशासारखं चमकून निगेटिव्ह-पॉझिटिव्ह बदलतं ते दागेरोटाइप, त्याच्या पृष्ठभागाला बोटच काय, मऊ ब्रशही लावायचा नाही. काचेवर, मागे काळं, ते अँब्रोटाइप. ते काळं रंगाचं असेल तर खपल्या निघतात, म्हणून पाणी वर्ज्य. टिनटाइपमध्ये टिन नसतं, लोखंडाचा पत्रा असतो, त्यामुळे चुंबक ओढला जातो. चुंबक मात्र मागच्या बाजूने आणि कागद मधे ठेवून. पिवळसर, तकतकीत, भिंगाखाली कागदाचे धागे दिसणारा फोटो बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा, म्हणजे अल्ब्युमिन. तो पातळ कागद जाड कार्डावर चिकटवलेला असतो. कार्ड वाकलं असेल तर सरळ करायला जाऊ नका, फोटोला भेग जाते. आहे तसं खोक्यात ठेवा आणि नोंदीत ‘वाकलेलं’ असं लिहा.