टोलनाक्यावर चालक अडकू नये यासाठी गाडीमालकाने करावयाची तयारी

पुण्याहून कोल्हापूरला जाताना खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी असे टोलनाके लागतात. फास्टॅगचे खाते मालकाच्या नावावर असते, पण पैसे कापले गेले नाहीत तर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत नाक्यावर उभे राहावे लागते ते चालकाला. म्हणून पुढील तयारी मालकाने गाडीची किल्ली देण्यापूर्वीच पूर्ण करावी, असे माझे ठाम मत आहे.

आदल्या दिवशी जाण्यायेण्याच्या संपूर्ण वाटेवरील टोलची बेरीज करून त्याहून थोडी अधिक रक्कम खात्यात भरून ठेवावी. मात्र शिल्लक आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. केवायसी (मालकाच्या ओळखीची पडताळणी) अपुरे असेल किंवा टॅग काचेला न चिकटवता हातात धरून दाखवला जात असेल, तर तो काळ्या यादीत जाऊ शकतो आणि मग खात्यात पैसे असूनही नाक्यावर स्वीकारला जात नाही. फास्टॅगची देयक यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून टॅग चालू आहे की नाही हे पाहता येते. रांगेत उभे राहून रिचार्ज करण्याच्या भरवशावर राहू नये, कारण भरलेली रक्कम प्रत्येक नाक्याच्या यंत्रणेला तत्काळ दिसतेच असे नाही.

ज्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेला खासगी मोटारींसाठीचा टोलचा वार्षिक पास घेतला आहे, त्यांनी विशेष लक्ष द्यावे. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांपुरताच आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या अखत्यारीत असल्याने तेथे टॅगमधूनच पैसे कापले जातात. पास आहे म्हणून शिल्लक शून्यावर ठेवली, तर मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील खालापूर नाक्यावर गाडी अडते.

चालकाच्या फोनवर यूपीआय चालू आहे, त्याच्या खात्यात पुरेसे पैसे आहेत आणि अडचणीच्या वेळी मालकाचा फोन उचलला जाईल, या तीन गोष्टींची खात्री करावी. यूपीआयचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार राष्ट्रीय महामार्गावर वैध आणि चालू फास्टॅग नसलेल्या गाडीला रोख भरल्यास दुप्पट, तर यूपीआयने भरल्यास सव्वापट शुल्क ठरवण्यात आले. म्हणजे शंभर रुपयांच्या टोलसाठी रोखीने दोनशे आणि यूपीआयने सव्वाशे रुपये. राज्याच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग बंधनकारक झाला असून, तो नसल्यास दुप्पट आकारणीची तरतूद आहे.

टॅग वैध आहे, शिल्लकही आहे, पण नाक्याचे यंत्रच बंद आहे, अशी वेळ आल्यास राष्ट्रीय महामार्गावर गाडी शुल्काविना सोडून शून्य रकमेची पावती द्यावी, असा २०१८ चा नियम आहे. हा नियम चालकाला आधी समजावून सांगावा, म्हणजे तो शांतपणे आपली बाजू मांडू शकेल. नाक्यावरील कर्मचाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा मार्गिकेचा क्रमांक आणि वेळ टिपून, मिळेल ती पावती घेऊन १०३३ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे नाहीत म्हणून रांगेतून गाडी मागे घेण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. मागून येणाऱ्या अवजड वाहनाला थांबण्यास जागा नसते.

शुल्क न भरता निघून गेल्यास विषय तेथेच संपत नाही. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार थकलेले शुल्क भरल्याशिवाय गाडीच्या हस्तांतरणासाठी लागणारे ना हरकत प्रमाणपत्र मिळत नाही आणि फिटनेस प्रमाणपत्राचे नूतनीकरणही अडते. व्यावसायिक वाहनाचा राष्ट्रीय परवानाही त्यात आला. त्यामुळे परतल्यावर खात्यातील नोंदी चालकाजवळच्या पावत्यांशी ताडून पाहाव्यात, आणि टॅगच्या दोषामुळे त्याने खिशातून भरलेली जादा रक्कम त्याच दिवशी त्याच्या हाती द्यावी.