गाळलेल्या प्रसंगाचा माग: कादंबरी आणि चित्रपट शेजारी ठेवताना

पोथीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा पेच सांगलीला जुना आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हाही तो होताच. तरी वाचक मंडळात अद्भुत कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट चर्चेला आला, की ‘हे गाळलं, ते गाळलं’ अशी यादी होते आणि संध्याकाळ संपते. त्यापेक्षा गाळलेला एकच प्रसंग धरा.

टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे तीन भाग, प्रत्येकात दोन ‘पुस्तकं’. तिच्या पहिल्या भागातला टॉम बॉम्बाडिल २००१ च्या चित्रपटात नाही. गाणारा म्हातारा गेला, कथेचं काय अडलं, असं वाटतं. पण पहिल्या पुस्तकाचं आठवं प्रकरण वाचा. थडग्यांच्या टेकड्यांवरून तो हॉबिटांना, म्हणजे कथेतल्या बुटक्या नायकांना, सोडवतो आणि तिथल्याच प्राचीन तलवारी त्यांच्या हाती देतो. आता थेट पाचव्या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणावर या. त्या हॉबिटांतला मेरी शत्रूच्या सेनापतीच्या, विच-किंगच्या, गुडघ्यामागे वार करतो आणि तो लागू पडतो, कारण ते पातं त्याच शत्रूविरुद्ध मंतरलेलं असतं. चित्रपटात वेदरटॉप टेकडीवर हॉबिटांचा वाटाड्या अरागॉर्न साध्या तलवारी वाटतो. पुढे मेरीचा वार आहे, त्यामागचं कारण मात्र उरलेलं नाही. गाळण्याची खरी किंमत ही, आणि ती दोन भागांनंतर कळते.

वहीत तीन रकाने आखा: प्रसंगात काय घडतं, त्यामुळे पुढे काय शक्य होतं, चित्रपटात ते काम कोण करतं. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर चर्चा तिथूनच सुरू करा.

पानांचे आकडे लिहू नका. मूळ आणि अनुवादाची पानं जुळत नाहीत. पुस्तक आणि प्रकरण लिहा, चित्रपटाचं मिनिट लिहा. सर्वांनी एकच आवृत्ती पाहावी, हे तर फारच महत्त्वाचं. पहिल्या चित्रपटाची लांब आवृत्ती सुमारे अर्ध्या तासाने मोठी आहे आणि तिच्यात एल्फ लोकांची स्वामिनी गॅलाड्रिएल मेरीला खंजीर देते. चित्रगृहातल्या आवृत्तीत ते दृश्य नाही. अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरी पाहिली, तर मेरीच्या हातात कोणतं शस्त्र, यावरच वाद अडकतो.

निवडलेलं दृश्य दोनदा लावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. पुस्तकात जे वाक्यांनी साधलं, ते इथे चेहऱ्याने साधलं की संगीताने, हे तेव्हा उघड दिसतं.