नवऱ्याचे पिस्तूल बायकोकडे: कायद्याने काय चालते, काय नाही

बँकेत नवरा-बायकोचे जॉइंट खाते निघते, सातबाऱ्यावर दोघांची नावे लागतात. शस्त्र परवान्याचे तसे नाही. शस्त्र अधिनियम १९५९ पुढे लग्नाच्या नात्याला स्वतंत्र सवलत नाही. परवाना ज्याच्या नावावर, शस्त्र त्याचेच. कपाट एकच असले तरी कायद्याच्या लेखी नवरा एक व्यक्ती आणि बायको दुसरी.

बहुतेक घोटाळा ‘हस्तांतरण म्हणजे विक्री’ या समजुतीतून होतो. अधिनियमाच्या कलम २ मधली व्याख्या फार रुंद आहे. भाड्याने देणे, उसने देणे, नुसते देणे आणि ताबा सोडणे हे सगळे त्यात येते. त्यामुळे ‘मी आठवडाभर बाहेरगावी चाललोय, पिस्तूल तुझ्याजवळ असू दे’ असे म्हणून किल्ली हातात दिली, तर कायद्याच्या भाषेत ते हस्तांतरण ठरू शकते. पैशांचा व्यवहार झाला नाही, ही सबब त्यात कामाला येत नाही.

शिक्षाही किरकोळ नाहीत. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड आहे. हे झाले घेणाऱ्याचे. देणाऱ्याने कलम ५ (परवान्याशिवाय शस्त्र विकण्या-देण्यावरची बंदी) मोडून हस्तांतरण केले, तर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे.

मग एका घरात राहणाऱ्या बायकोने काय करायचे? कपाटात पिस्तूल आहे हे माहीत असणे हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य (१९७२) या निकालात ताब्यासाठी दोन गोष्टी धरल्या: शस्त्राची जाणीव, आणि ते प्रत्यक्ष हातात नसले तरी त्यावर चालणारी सत्ता किंवा नियंत्रण. म्हणून किल्लीचा प्रश्न क्षुल्लक नाही. शस्त्राची पेटी वेगळी ठेवा. दागिन्यांच्या तिजोरीत पिस्तूल ठेवले की दोघांकडे किल्ली असणारच. काडतुसे काढून, पिस्तूल रिकामे करून, कुलूपबंद पेटीत ठेवावे आणि किल्ली फक्त परवानाधारकाकडे असावी. परवानाधारक बरेच दिवस बाहेरगावी जाणार असेल, तर शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. सैन्यातल्या माणसाला युनिटच्या शस्त्रागाराचा पर्याय असतो. नवरा सीमेवर आणि त्याचे खासगी पिस्तूल गावी बायकोच्या कपाटात, ही रचना टाळलेलीच बरी.

घरात चोर शिरले आणि बायकोने नवऱ्याचे पिस्तूल उचलले तर? खासगी बचावाचा हक्क गोळी झाडण्याच्या कृतीपुरता तपासला जातो. तो रोजच्या ताब्याचा परवाना नव्हे. घटनेनंतर ‘पिस्तूल तिच्या हाताशी कसे होते’ हा प्रश्न नवऱ्यालाही विचारला जाईल.

परवाना नसताना शस्त्र नेण्याची एक अरुंद वाट परवाना सक्तीचा करणाऱ्या कलम ३ मध्येच आहे. परवानाधारक सोबत असेल, किंवा त्याचा लेखी अधिकार असेल, तर दुसरी व्यक्ती तीन कारणांसाठी शस्त्र नेऊ शकते: दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. म्हणजे आजारी नवऱ्याचे रिव्हॉल्व्हर बायको बंदूक दुरुस्तीच्या दुकानात नेऊ शकते. पत्रात परवाना क्रमांक, शस्त्राचा बोर (नळीचा आतला व्यास) व क्रमांक, काम, तारीख आणि कुठून कुठे हे लिहावे, सही करावी आणि मूळ परवाना सोबत द्यावा. ‘माझ्या पत्नीस शस्त्र वापरण्यास हरकत नाही’ अशा पत्राला काडीची किंमत नाही. स्टॅम्प पेपरवर नोटरी केले तरीही नाही.

घरातल्या कोणीही बंदूक घ्यावी ही सवय शेतीच्या बाजूने आलेली असावी. पीक संरक्षणाच्या परवान्याची व्यवस्था वेगळी असते, तिथे राखणीसाठी कुटुंबातल्या माणसाचा विचार होतो. पण ती सोय रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या बंदुकीची आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला ती लावता येत नाही.

आता खरे हस्तांतरण. दोघे हयात असताना नवऱ्याचे पिस्तूल बायकोच्या नावावर करायचे, तर आधी तिचा स्वतःचा परवाना हवा. वय किमान २१ पूर्ण. अर्ज नमुना ए-१ मध्ये, जिल्हाधिकारी कार्यालयात. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा आयुक्तालयांच्या हद्दीत पोलिस आयुक्तांकडे. ओळख, पत्ता आणि वयाचे पुरावे, फोटो, मानसिक व शारीरिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि सुरक्षित साठवणुकीची हमी जोडावी लागते. पोलिस ठाण्याचा चौकशी अहवाल येतो आणि त्यावर निर्णय होतो.

सर्वात जास्त अर्ज कारणाच्या रकान्यात अडकतात. ‘पतीकडे शस्त्र आहे, ते माझ्या नावावर घ्यायचे आहे’ हे कारण नव्हे. गरज तिची दाखवावी लागते. तिचा व्यवसाय, रोख रकमेची ने-आण, धमकीच्या तक्रारी, वस्तीपासून दूर असलेले घर, किंवा नेमबाजी असेल तर क्लबचे सदस्यत्व आणि स्पर्धांचे दाखले. तक्रारींच्या पोचपावत्या जोडा, कारण पोलिस अहवाल त्यांच्यावरच उभा राहतो. नावावर मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ सांगते. स्वतःच्या नावावर काहीच नसलेल्या गृहिणीने हे लक्षात ठेवावे.

दुसरा खोडा नावाचा. आधारवर लग्नानंतरचे, पॅनवर माहेरचे आणि दहावीच्या दाखल्यावर तिसरेच. अर्ज भरण्याआधी राजपत्रातला नावबदल किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाती ठेवा. ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर एकदा चुकीचे नाव पडले की ते प्रत्येक टप्प्यावर छळते.

परवाना मिळाला की त्यावर शस्त्राचा प्रकार नीट वाचा. परवाना रिव्हॉल्व्हरचा आणि नवऱ्याकडे पिस्तूल असेल, तर आधी परवान्यात दुरुस्ती करून घ्या. .३२ बोर परवानगीयोग्य गटात येतो. .३८ किंवा ९ मि.मी. प्रतिबंधित बोरमध्ये मोडतात आणि तो परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. जुन्या घराण्यांतली .३८ आणि .४५५ ची रिव्हॉल्व्हरे नेमकी इथे अडतात.

मग कलम ५(२). नवऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास लेखी कळवायचे: कोणते शस्त्र, किती काडतुसे, कोणाला देणार, तिचे नाव-पत्ता. कायदा ‘किंवा’ म्हणतो, पण दोन्हीकडे द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. त्या तारखेपासून किमान ४५ दिवस थांबायचे. बक्षीस म्हणून फुकट देत असाल तरी थांबायचेच. प्रत्यक्ष हातबदलाच्या दिवशी दोघांच्या सहीची साधी नोंद करा: शस्त्राची कंपनी, बोर, क्रमांक, काडतुसांची संख्या, दोन्ही परवाना क्रमांक. नळीवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक भिंगाने वाचून परवान्याशी पडताळा; एक अंक पुसट असला की तपासणीत प्रकरण लोंबकळते. त्यानंतर शस्त्र तिच्या परवान्यावर चढवून आणि नवऱ्याच्या परवान्यावरून उतरवून घ्या. दुसरी नोंद लोक विसरतात, आणि कागदावर एकच पिस्तूल दोघांकडे राहते. नवऱ्याचा परवाना मुदतीत असतानाच हे सगळे उरका. मुदत संपली की त्याचा स्वतःचा ताबाच बेकायदा होतो आणि शस्त्र आधी जमा करावे लागते.

एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे, ही मर्यादा २०१९ पासून आहे. पूर्वी ती तीन होती. वारसाने आलेले शस्त्रही या दोनात मोजले जाते. मर्यादा माणशी आहे, घराला नाही.

वयस्क जोडप्यांसाठी शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ अधिक सोपा. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, यातले जे आधी होईल तेव्हा, त्याला वारसदार नेमून परवाना मागता येतो, आणि पत्नी वारसदारांत येते. इथे तिने गरज वेगळी सिद्ध करण्यापेक्षा पात्रता आणि प्रतिकूल शेरा नसलेला पोलिस अहवाल महत्त्वाचा ठरतो. २५ वर्षांचा पुरावा म्हणून जुन्या परवाना पुस्तिका, नूतनीकरणाचे शिक्के आणि खरेदीची पावती काढून ठेवा. नवी पुस्तिका मिळाली की जुनी रद्दीत जाते, ते करू नका.

मृत्यूनंतरही हाच नियम लागतो, पण क्रम वेगळा. कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाकारण उशीर न करता ठाण्यात किंवा शस्त्र विक्रेत्याकडे जमा व्हायला हवे. शस्त्र पिशवीत घालून निघण्याआधी ठाण्यात फोन करा. भरलेले आहे की रिकामे हे कळत नसेल तर हातच लावू नका, त्यांनाच बोलवा. काडतुसे मोजून पावतीवर लिहून घ्या. अर्जासोबत मृत्यू दाखला, मूळ परवाना, बाकीच्या वारसांचे हक्क सोडल्याचे प्रतिज्ञापत्र आणि अर्जदाराचे हमीपत्र लागते. मुंबईतल्या एका मुलाची सही मिळाली नाही म्हणून फाइल वर्षभर पडून राहू शकते, म्हणून सह्या तेराव्याला सगळे जमलेले असतानाच उरकणे शहाणपणाचे. शस्त्र नकोच असेल तर परवानगी घेऊन विक्रेत्याला किंवा दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते.

घटस्फोटात पिस्तूल ‘वाटणीला’ येत नाही. ज्याचा परवाना त्याचेच. दुसऱ्याला हवे असेल तर परवाना, सूचना आणि ४५ दिवस हाच मार्ग. घरात मारझोड किंवा धमकी सुरू असेल तर हस्तांतरणाचा विचार बाजूला ठेवून परवाना प्राधिकाऱ्याकडे कलम १७ खाली परवाना निलंबित करण्याची मागणी करा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या २००६ च्या नियमांप्रमाणे हिंसेत वापरलेले शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करता येते. अर्ज करताना शस्त्राचा क्रमांक माहीत असेल तर काम लवकर होते. नसेल तर नवऱ्याचे नाव-पत्ता दिला तरी परवान्याची नोंद कार्यालयात सापडते.